क्यूबिट शून्यावर आणायला इतका वेळ का लागतो?

फलाट_नऊ
सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

मी नौपाड्यात राहते, ऐरोलीला सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. गेले तीन महिने रात्रीची जेवणं आटोपली की तासभर क्वांटम कंप्युटिंग शिकते. आता क्लाउडवरून एका खऱ्या सुपरकंडक्टिंग (अतिवाहक) यंत्रावर छोटी सर्किटं चालवायला लागले आहे, आणि एका जागी अडले आहे.

माझं सर्किट चिमुकलं आहे. दोन क्यूबिट (क्वांटम कंप्युटरचे बिट), पाच-सहा गेट (त्यांच्यावर करायच्या क्रिया), शेवटी मोजणी. सगळं मिळून ५ मायक्रोसेकंदांत आटपतं. एका फेरीने काही कळत नाही, म्हणून तेच ४००० वेळा चालवायचं. कामाचा तपशील उघडला तर दर दोन फेऱ्यांच्या मध्ये २५० मायक्रोसेकंदांची विश्रांती लावलेली. कागदावर हिशोब मांडला. ४००० फेऱ्यांचं खरं काम २० मिलिसेकंद, आणि नुसतं थांबणं पूर्ण १ सेकंद. म्हणजे शंभरातले ९८ हिस्से वेळ यंत्र हातावर हात धरून बसतं.

वाचल्यावर एवढं कळलं की ही विश्रांती क्यूबिट पुन्हा शून्यावर यावा म्हणून आहे. पण साध्या कंप्युटरात शून्य लिहिलं की झालं, आधी तिथे काय होतं ते कोण विचारतं? इथे तसं का नाही? चिप इतकी थंड ठेवलेली, शून्य ही सगळ्यात खालची पायरी, मग क्यूबिट आपण होऊन लगेच खाली का येत नाही?

जाणकारांनी सविस्तर लिहावं. गणित चालेल, पण आधी चित्र डोळ्यांसमोर उभं राहू दे.

कोपरी_स्लो
सोमवार, रात्री ९:५५

रुमाल टाकून ठेवतोय. चांगली चर्चा होणार असं दिसतंय.

भौतिकी_मास्तर
सोमवार, रात्री १०:४०

नेमका प्रश्न विचारलात. दोन भागांत उत्तर देतो.

आधी ‘आपण होऊन लगेच का येत नाही’. त्याने लगेच येऊ नये म्हणूनच त्याला तसा घडवलाय. एकवर असलेल्या क्यूबिटमधली ऊर्जा बाहेर कुठेतरी सांडली, तरच तो शून्यावर येतो. सांडायला सरासरी लागणाऱ्या वेळेला टी-वन म्हणतात. गणित चालू असताना ऊर्जा सांडली की गणित बिघडलं, म्हणून पंचवीस वर्षं सगळी धडपड गळती बंद करण्याची. १९९९ साली जपानमध्ये एनईसीच्या प्रयोगशाळेत नाकामुरा आणि सहकाऱ्यांनी असा क्यूबिट पहिल्यांदा ताब्यात आणून दाखवला, तेव्हा त्याची अवस्था काही नॅनोसेकंद टिकत होती. २००७ मध्ये येल विद्यापीठातून ट्रान्समॉन या प्रकारच्या क्यूबिटची रचना आली. मग मायक्रोसेकंद, मग दहा, मग शंभर. आता निवडक नमुन्यांवर टी-वन १ मिलिसेकंदाच्याही पुढे गेलाय.

हे यश जेवढं मोठं, तेवढं थांबणं लांबलं. टी-वनएवढा वेळ थांबलात तर एकवर असलेल्या शंभरांतले ३७ अजून वरच. पाचपट थांबलात तर ०.७ टक्के उरतात. टी-वन १०० मायक्रोसेकंद असेल तर ५०० थांबा, १ मिलिसेकंद असेल तर ५ मिलिसेकंद थांबा.

वर्गात मी थर्मासचं उदाहरण देतो. चहा चार तास गरम राहावा म्हणून थर्मास घेतला. आता तोच चहा दोन मिनिटांत निववायचाय, तर थर्मास उघडून उपयोग नाही, बशीत ओतावा लागतो. क्यूबिटसाठी बशी कुठून आणायची, हा तुमचा प्रश्न.

दुसरा भाग ‘शून्य लिहिलं की झालं’. क्वांटम गेट उलटं फिरवता आलंच पाहिजे. एक्स गेट एकचा शून्य करतं, पण शून्याचा एकही करतं. ‘आधी काहीही असो, शून्य कर’ असं गेट असूच शकत नाही. दोन वेगळ्या अवस्था एकाच ठिकाणी नेऊन बसवल्या तर परत फिरायची वाट उरत नाही. म्हणजे रीसेट (क्यूबिट शून्यावर आणणं) हे गेट नव्हे, ते पुसणं आहे. पुसण्याला किमान किती उष्णता बाहेर टाकावी लागते, हे रॉल्फ लँडॉवर यांनी १९६१ सालीच मांडलं. साध्या कंप्युटरात शून्य लिहिताना ती उष्णता निघतेच, पंखा ती ओढून नेतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. क्यूबिटच्या बाबतीत ती कुठल्या वाटेने जाणार, हे आधी ठरवावं लागतं.

शंकासुर
सोमवार, रात्री ११:०५

मास्तर, थर्मासच नको. साधा पेला घ्या. टी-वन १० मायक्रोसेकंदांचा ठेवा, ५० मध्ये काम झालं. एवढ्या टिकाऊ क्यूबिटचा हट्ट कशाला?

भौतिकी_मास्तर
सोमवार, रात्री ११:२०

कारण मग फलाट_नऊ यांच्या ५ मायक्रोसेकंदांच्या सर्किटात एकवर असलेल्या दर दहा क्यूबिटांपैकी चार वाटेतच पडतील. वेळ वाचला, उत्तर गेलं.

खाडीपलीकडे
मंगळवार, सकाळी ८:१५

ट्रान्स-हार्बरमध्ये उभ्याने लिहितोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. मी महापे एमआयडीसीत एफपीजीए (हवी तशी जुळवता येणारी चिप) बोर्डांवर काम करतो. क्यूबिटसाठी नव्हे, रडारच्या सिग्नलसाठी, पण हे नियंत्रणाचे बोर्ड त्याच जातकुळीचे असतात.

बशी लागतच नाही. क्यूबिट मोजा. शून्य आला तर सोडून द्या, एक आला तर एक्स गेट मारून उलटवा. झाला शून्य. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या गटाने २०१२ सालीच हे करून दाखवलंय.

वेळ कुठे जातो ते सांगतो, कारण खरी मारामारी तिथे आहे. क्यूबिटला एक रेझोनेटर (ठरावीक वारंवारतेला घुमणारं छोटं सर्किट) जोडलेला असतो, साधारण ७ गिगाहर्ट्झचा. त्यावर मायक्रोवेव्हची लहर टाकायची. परत येणाऱ्या लहरीची कला (फेज) पाहून शून्य की एक ते ठरतं. हे ऐकायला काही शे नॅनोसेकंद. लहर चिप ठेवलेल्या अतिशीत फ्रिजमधून वर येते, वाटेत तिला मोठं करणारे अँप्लिफायर, मग खोलीच्या तापमानाला आमचा बोर्ड. केबलमध्ये सिग्नल १ नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो, म्हणजे ५ मीटर वर आणि ५ मीटर खाली यातच ५० नॅनोसेकंद गेले. सिग्नलचे आकडे करणं, बेरीज घेणं, उंबरठ्याशी ताडून पाहणं आणि उलटवायची लहर सोडणं, यात आणखी शे-दोनशे. उलटवायला मात्र २०-४० नॅनोसेकंद पुरतात. एकूण हिशोब मायक्रोसेकंदाच्या आसपास बसतो. २५० च्या जागी १.

शंकासुर
मंगळवार, सकाळी ८:५०

आणि मोजणीच चुकली तर? क्यूबिट शून्यावर होता, यंत्राने एक वाचला आणि उलटवला. चांगल्या बसलेल्या माणसाला उठवून उभं केलंत की!

खाडीपलीकडे
मंगळवार, दुपारी १:१०

बरोबर पकडलंत. मोजणीत शंभरात एक चूक होत असेल तर रीसेटमध्येही तेवढी चूक उतरते. म्हणून हेच लागोपाठ दोनदा-तीनदा करतात. दुसऱ्या खेपेला बहुतेक सगळे आधीच शून्यावर असतात, चुकलेले तेवढे सुधारतात. मोजणीच्याच चुकीएवढी तळाला उरते ती उरते.

आणखी एक खोच आहे. मोजून झाल्यावर रेझोनेटरमध्ये फोटॉन (मायक्रोवेव्हच्या ऊर्जेचे कण) शिल्लक असतात. ते असेपर्यंत क्यूबिटची वारंवारता सरकलेली असते. त्याच क्षणी उलटवायची लहर सोडली तर ती नेमकी लागत नाही. फोटॉन वाहून जायची वाट बघावी लागते. घाई केली की उलटवणं अर्धवट होतं.

कोपरी_स्लो
मंगळवार, दुपारी १:३०

मला हे ठाण्याला रिकाम्या होणाऱ्या स्लो लोकलसारखं दिसतंय. सीएसएमटीहून गाडी आली, ठाण्यापर्यंतच आहे, सगळे उतरायला हवेत. पण मुलुंडहून ‘रिटर्न’ मारून आलेले खिडकीपाशी बसूनच असतात. गाडी रिकामी झाली असं आपण म्हणतो, पण ती कधीच पूर्ण रिकामी होत नसते. मोजणारा टीसी, उलटवणारा पोलीस, आणि फलाटावर गर्दी ओसरायच्या आत शिट्टी मारली तर गोंधळ!

शब्दवेडी
मंगळवार, दुपारी २:०५

अवांतर: ‘रीसेट’ला मराठीत काय म्हणावं? ‘पुनःस्थापन’ मला पटत नाही, त्यात पुसण्याचा भाव नाही. मास्तरांनी सहज ‘निववणे’ वापरलंय, ते किती चपखल आहे! चहा निववतात, ताप निवतो, राग निवतो. ऊर्जा हळूहळू बाहेर जाऊन वस्तू शांत होते ते ‘निवणे’, आणि मुद्दाम केलं की ‘निववणे’. म्हणजे थांबून शून्यावर येणारा क्यूबिट ‘निवतो’ आणि यंत्र त्याला ‘निववतं’. दोन वेगळे प्रकार, दोन वेगळी क्रियापदं, आपल्याकडे आयती आहेत.

फलाट_नऊ
मंगळवार, दुपारी २:२०

शब्दवेडी, हे मी उचलणार. ‘निवणे’ आणि ‘निववणे’. माझ्या वहीत आजच बदल करते.

भौतिकी_मास्तर
मंगळवार, संध्याकाळी ७:००

छान आहे. पाटी पुसण्यापेक्षाही बरं. पाटी पुसली की काही गरम-थंड होत नाही, इथे मुळात ऊर्जेचाच व्यवहार आहे.

हेलियमकाका
मंगळवार, रात्री ९:१५

मी वाशीत राहतो. नोकरीभर अतिशीत यंत्रांवर काम केलं, आता निवृत्त आहे. आमच्याकडे क्यूबिट नव्हते, बारीक डिटेक्टर होते, पण फ्रिज हाच. वर लोकलचं उदाहरण आलंय त्यातल्या खिडकीपाशी बसून राहिलेल्या माणसाबद्दल मला बोलायचंय.

५ गिगाहर्ट्झच्या क्यूबिटची एक पायरी तापमानात मोजली तर २४० मिलिकेल्विन भरते. फ्रिजच्या तळाची तांब्याची तबकडी २० मिलिकेल्विनवर. सूत्र लावलंत तर आपोआप एकवर चढलेला क्यूबिट लाखात एखादासुद्धा सापडू नये. प्रत्यक्षात मोजतात तेव्हा शंभरात एक, कधी त्याहून जास्त सापडतात. म्हणजे क्यूबिट ५०-६० मिलिकेल्विनवर असल्यासारखा वागतो. तबकडी थंड म्हणून चिप थंड, असं समजून चालत नाही. वरून केबलमधून उष्ण गोंगाट उतरतो. फटींतून इन्फ्रारेड किरण शिरतात आणि सुपरकंडक्टरमधल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या फोडतात. तेव्हा हवं तेवढं थांबा, तो शंभरातला एक काही उठत नाही.

जुनी गोष्ट सांगतो. थर्मामीटर १५ दाखवत होता आणि डिटेक्टर मात्र गरम असल्यासारखा वागत होता. तीन आठवडे आम्ही इलेक्ट्रॉनिक्सला दोष देत बसलो. शेवटी सगळं गरम करून उघडलं तर तांब्याच्या डबीला चार स्क्रू होते, त्यातले दोन कोणीतरी स्टीलचे लावलेले. स्टील थंडीत तांब्यापेक्षा कमी आकसतं, म्हणून ते ढिले पडले होते. पितळेचा स्क्रू तांब्यापेक्षा जास्त आकसतो, तो थंडीत आणखी आवळून बसतो. खोलीत चारही घट्ट लागत होते, मी स्वतः पान्याने तपासले होते. खाली गेल्यावर डबी नुसती टेकून उभी. दोन स्क्रू बदलायला दहा मिनिटं लागली आणि फ्रिज पुन्हा थंड व्हायला दोन दिवस.

म्हणून माझं म्हणणं असं की रीसेटची हुशारी करण्याआधी तळ स्वच्छ करा. अँटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारे), गाळण्या, किरण शोषणारा काळा लेप, घट्ट बसलेली डबी.

शंकासुर
मंगळवार, रात्री ९:४०

काका, स्क्रूची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. पण मला इथे दुवा दिसतोय. मोजून उलटवलं तर हा बसून राहिलेला शंभरातला एकही उठतो ना? म्हणजे निववून मिळणारा शून्य हा निवून मिळणाऱ्या शून्यापेक्षा जास्त स्वच्छ?

हेलियमकाका
मंगळवार, रात्री ९:५२

हो, मोजणीची चूक त्या शंभरातल्या एकाहून कमी असेल तर बरोबर बोललात. तेवढ्यापुरता क्यूबिट त्याच्या परिसराहूनही थंड होतो. मात्र सोडून दिलात की टी-वनच्या हिशोबाने पुन्हा परिसराएवढा गरम होतो, म्हणून निववल्यावर लगेच वापरावा.

घोडबंदर_ते_डेल्फ्ट
बुधवार, मध्यरात्री १२:३५

घर घोडबंदर रोडला, सध्या नेदरलँड्समध्ये याच विषयात पीएचडी करतोय. खाडीपलीकडे यांनी मोजून उलटवण्याबद्दल अचूक लिहिलंय, पण ‘बशी लागतच नाही’ याला माझा विरोध आहे. बशी आहे, रोज वापरात आहे, आणि तिला मोजणीची गरजच नाही.

ती बशी म्हणजे तोच रेझोनेटर. मोजणीसाठी तो मुद्दाम गळका ठेवलेला असतो, त्यातला फोटॉन काही दहा-वीस ते शंभर नॅनोसेकंदांत केबलमधून निघून जातो. क्यूबिटमधली ऊर्जा हवी तेव्हाच तिकडे ओतता आली की काम झालं. अडचण अशी की दोघांच्या वारंवारता वेगळ्या, म्हणून एरवी ऊर्जा तिकडे जात नाही. जात नाही म्हणूनच टी-वन मोठा आहे. तेव्हा एरवी बंद राहील आणि सांगितल्यावर उघडेल असा नळ हवा.

झुरिकच्या ईटीएचमधल्या गटाने २०१८ मध्ये केलेला नळ मला सगळ्यात देखणा वाटतो. ट्रान्समॉनला शून्य आणि एक एवढेच मजले नसतात, वर दोनचा मजलाही असतो. आधी एकवरच्या क्यूबिटला दोनवर चढवायचं. मग एक विशिष्ट मायक्रोवेव्ह लहर चालू ठेवायची. ती असेपर्यंत ‘क्यूबिट दोनवर, रेझोनेटर रिकामा’ आणि ‘क्यूबिट शून्यावर, रेझोनेटरमध्ये एक फोटॉन’ यांच्यात पूल तयार होतो. क्यूबिट थेट तळमजल्यावर उतरतो, फोटॉन रेझोनेटरमध्ये आणि तिथून केबलमध्ये. खाली उतरायला आधी एक मजला वर चढायचं! ५०० नॅनोसेकंदांच्या आत एकवर उरलेले ०.२ टक्के, असा त्यांचा निकाल आहे. मोजणी नाही, निर्णय नाही, एफपीजीएची वाट पाहणं नाही. क्यूबिट आधीच शून्यावर असेल तर लहरीचा त्याच्यावर परिणाम नाही, म्हणजे शंकासुरांचा ‘बसलेल्याला उठवणं’ हा धोकाही नाही.

गूगलचा गट वेगळं करतो. त्यांच्या क्यूबिटची वारंवारता चुंबकीय प्रवाहाने हलवता येते. ती सावकाश खाली आणत रेझोनेटरच्या वारंवारतेपलीकडे नेली की ऊर्जा रेझोनेटरमध्ये उतरते. थोडं थांबायचं, मग झटकन परत यायचं. २०२१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं, सगळं मिळून सुमारे २५० नॅनोसेकंद. याची खरी किंमत अशी की दोनवर, तीनवर भरकटलेला क्यूबिटही यात खाली येतो. मोजून उलटवणाऱ्याला दोनवरचा क्यूबिट ओळखता आला नाही तर तो तसाच वर लटकून राहतो आणि शेजाऱ्यांची गणितंही बिघडवतो.

खाडीपलीकडे
बुधवार, सकाळी ८:२०

दोनवर लटकलेल्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण तुमच्या नळाला दर क्यूबिटमागे वेगळी लहर, वेगळी वारंवारता, वेगळं बसवणं लागतं. शंभर क्यूबिट असतील तर शंभर नळ जुळवत बसा. मोजणी आणि एक्स गेट तर प्रत्येकाला लागतातच, त्यांचंच सामान वापरून माझं काम होतं. जोडणी करणाऱ्याच्या बाजूने बघा, हा फरक लहान नाही.

घोडबंदर_ते_डेल्फ्ट
बुधवार, सकाळी ११:५०

जोडणीच्या बाजूने तुमचं म्हणणं खरं आहे. आमच्याकडेही रोजच्या कामाला मोजून उलटवणंच वापरतात.

भौतिकी_मास्तर
बुधवार, संध्याकाळी ६:४५

सोमवारी लिहिलेलं आता पूर्ण करता येईल. उष्णता कुठल्या वाटेने जाते, याची दोन्ही उत्तरं आली. नळाच्या पद्धतीत ती फोटॉन होऊन केबलच्या टोकाशी, थंड तबकडीवरच्या एखाद्या ५० ओहमच्या भारात (रोधकात) जाऊन विरते. मोजण्याच्या पद्धतीत ‘आधी काय होतं’ ही माहिती एफपीजीएच्या रजिस्टरमध्ये जाऊन बसते, आणि पुढच्या फेरीसाठी ते रजिस्टर पुसलं की तिथली उष्णता पंख्यातून महाप्याच्या हवेत. पुसणं टळत नाही, फक्त खोली बदलते.

आणखी एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. स्वीडनमधलं चाल्मर्स विद्यापीठ आणि अमेरिकेतले सहकारी यांचा, २०२५ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झालेला. त्यांनी एका क्यूबिटला निववायला आणखी दोन क्यूबिट लावले, एक उष्ण परिसराला जोडलेला, दुसरा थंड परिसराला. उष्णतेचा उतारच इंजिनासारखा चालतो आणि तिसऱ्यातली ऊर्जा उपसतो. बाहेरून लहर नाही, मोजणी नाही. क्यूबिट २२ मिलिकेल्विनपर्यंत उतरला. हेलियमकाकांना आपल्या फ्रिजची आठवण होईल.

हेलियमकाका
बुधवार, रात्री ८:३०

झाली. आमच्या नोकरीच्या काळात उष्णता म्हणजे शत्रू. तिलाच कामाला जुंपलंय हे वाचून फार बरं वाटलं.

निवृत्त_पासबुक
बुधवार, रात्री ९:१०

मी बँकेतला माणूस, पण तीन दिवस सगळं वाचतोय. बराचसा भाग समजला, विशेषतः बशी. दोन प्रश्न. एक, फेऱ्या लवकर संपल्या म्हणजे ग्राहकाचं बिल कमी येईल, एवढाच फायदा का? दोन, आपल्या देशात हे कोणी करतंय का?

घोडबंदर_ते_डेल्फ्ट
बुधवार, रात्री ११:४०

काका, बिल हा लहान फायदा. मोठा फायदा चुकासुधारणेत आहे. तिथे काही क्यूबिट गणित सांभाळतात आणि त्यांच्यामध्ये बसलेले साहाय्यक क्यूबिट सतत विचारत राहतात, ‘कोणी घसरलं का?’ दर खेपेला साहाय्यकांना मोजायचं, निववायचं, पुन्हा विचारायला पाठवायचं. गूगलच्या २०२४ च्या विलो या १०५ क्यूबिटांच्या चिपवर अशी एक खेप १.१ मायक्रोसेकंदांत होते, आणि त्या क्यूबिटांचा टी-वन सुमारे ७० मायक्रोसेकंद आहे. आता साहाय्यकाला आपण होऊन निवू द्यायचं म्हटलं तर तेवढ्यात गणित सांभाळणारे सगळे संपलेले असतील. गणिताच्या मध्यावर निववता आलं पाहिजे, नाहीतर मोठा क्वांटम कंप्युटर होणारच नाही. डेव्हिड डिव्हिन्सेन्झो यांनी २००० साली क्वांटम कंप्युटरसाठी ज्या अटी लिहिल्या, त्यांत क्यूबिट ठरलेल्या सुरुवातीच्या अवस्थेत आणता येणं ही दुसरीच अट आहे.

भौतिकी_मास्तर
गुरुवार, सकाळी ७:३०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अभिमानाने देतो: हो. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) आर. विजयराघवन यांचा गट सुपरकंडक्टिंग क्यूबिटवरच काम करतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये डीआरडीओची पुण्यातली प्रयोगशाळा, टीआयएफआर आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केल्याचं जाहीर झालं. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मोहिमेला ६००३.६५ कोटी रुपये मंजूर केलेत. माझ्या बारावीच्या मुलांना मी सांगतो, ठाण्याहून सीएसएमटीची फास्ट पकडा, पुढे बस, दीड-दोन तासांत तुम्ही या फ्रिजपासून एका भिंतीच्या अंतरावर पोचता.

शंकासुर
गुरुवार, सकाळी ९:००

मूळ धाग्याकडे परत येऊ या, कारण एक हिशोब जुळत नाही. फलाट_नऊ, तुमच्या यंत्राचा टी-वन किती आहे? १५० मायक्रोसेकंद धरला तर २५० थांबून एकवरचे शंभरातले १९ वरच राहतात. म्हणजे ती विश्रांती निवायला पुरेशी नाहीच! मग तुमची उत्तरं बरोबर कशी येतात?

फलाट_नऊ
गुरुवार, रात्री १०:०५

शंकासुर, टेस्टिंगला तुमच्यासारखी माणसं हवीत. तपासलं. माझ्या क्यूबिटचा टी-वन १४० च्या आसपास लिहिलाय. आणि यंत्राच्या सेटिंगमध्ये खोलवर एक पर्याय सापडला, ‘फेरीआधी क्यूबिट शून्यावर आणा’, तो मुळातच चालू होता. म्हणजे यंत्र आधी थांबत होतं आणि नंतर निववतही होतं. मी सोमवारी फक्त थांबणं पाहिलं होतं.

आता प्रश्न असा की तो पर्याय बंद केला आणि विश्रांतीही जवळजवळ शून्य केली तर काय होईल?

घोडबंदर_ते_डेल्फ्ट
गुरुवार, रात्री ११:१५

करून पाहाच! फक्त एक एक्स गेट आणि मोजणी असं सर्किट घ्या, आणि फेऱ्यांचे निकाल बेरीज न करता ओळीने मागवा. क्यूबिट जिथे मोजला गेला तिथूनच पुढची फेरी सुरू होईल, म्हणून दर फेरीला निकाल उलटायला हवा. डेल्फ्टच्याच गटाने २०१७ मध्ये गेटची जुळणी करायला ही युक्ती वापरली. रीसेट करायचंच नाही, मागच्या निकालाशी तुलना करायची. चुकासुधारणेतही साहाय्यक क्यूबिट न निववता असंच भागवता येतं. तिथे रीसेट हवंच की नको, यावर आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर वाद होतात. दोनवर भरकटणाऱ्यांमुळे मी ‘हवं’ या बाजूचा आहे.

फलाट_नऊ
शुक्रवार, रात्री ९:३०

केलं. पडद्यावर ओळ उमटली तेव्हा मी मुलीला हाक मारून बोलावलं:

१०१०१०१०१०१०१०१०१०११०१०१०१०१०१०००१०१०

चार दिवस आपण ज्याबद्दल बोलतोय ते डोळ्यांनी दिसलं. क्यूबिटला मागची फेरी आठवते! पण दोन जागी लय तुटलीय. एकदा ११, एकदा ०००. मुलगी विचारतेय, दोन्ही चुका सारख्याच का?

खाडीपलीकडे
शुक्रवार, रात्री ९:५०

अजिबात नाही, आणि हे तुमच्या मुलीने बरोबर हेरलं. ११ नंतर नीट बघा, लयीचा पाय बदललाय. आधी विषम जागी एक येत होता, आता सम जागी येतोय. म्हणजे क्यूबिट दोन फेऱ्यांच्या मध्ये खरोखर घसरून शून्यावर आला आणि तिथून नव्याने चालू लागला. ०००मध्ये पाय बदलत नाही. मधला आकडा एक असायला हवा होता, तो शून्य वाचला गेला, क्यूबिट आपल्या जागी ठीक होता. ती चूक मोजणीची, क्यूबिटची नव्हे.

शब्दवेडी
शुक्रवार, रात्री ९:५८

म्हणजे जुळं आलं तर क्यूबिट घसरला, तिळं आलं तर वाचणारा चुकला!

फलाट_नऊ
शुक्रवार, रात्री ११:२०

शब्दवेडी, तुमच्याच भाषेत मोजलं. पहिले ५०० आकडे मुलगी आणि मी पेन्सिलने खुणा करत गेलो. ११ची जुळी ६, तिळी ४, आणि ००ची जुळी २.

हेलियमकाका
शुक्रवार, रात्री ११:३२

ती ००ची दोन जपून ठेवा. क्यूबिट फेरीच्या मध्येच, वाचून व्हायच्या आत घसरला तरी तसं दिसतं. पण त्यातलं एखादं खालून वर चढलेलं असू शकतं, म्हणजे माझा खिडकीपाशी बसलेला माणूस. एक्स गेट काढून टाका आणि तेच पुन्हा चालवा. ओळ सगळी शून्यांची यायला हवी. त्यात पाठोपाठ एकांची रांग लागलेली दिसली तर तो सापडला.

फलाट_नऊ
शुक्रवार, रात्री ११:४०

लावलं काम. माझ्यापुढे रांगेत अकरा जण आहेत. उरलेले ३५०० आकडे छापून घेतलेत, उद्या अर्धा दिवस आहे, ऐरोलीपर्यंत जाता-येता खुणा करते.